सोजरमायचा वाल

सोजरमाय गाडीत चढली की तिकीट काढायच्या आधी दुसऱ्यांची गाठोडी तपासायची. तपासायची म्हणजे अगदी जकात नाक्यावरच्या शिपायासारखी. "ह्याच्यात काय हाय? जवारी? आन् ह्या फडक्यात? वाल हाय का कोनापाशी, वाल?" गाडी साखऱ्याची वेस ओलांडते न ओलांडते तोच तिचा हात कुणाच्या तरी पिशवीत कोपरापर्यंत गेलेला असायचा. पहिल्याच दिवशी मी ओरडलो, "ओ बाई, पाकीटमारी चालवली काय दिवसाढवळ्या?" तशी अख्खी गाडी हसली. ज्याच्या पिशवीत हात होता तो म्हातारा म्हणाला, "पाहू द्या भाऊ. वालवाली हाय ती. आमाला सवय हाय."

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. बहात्तरचा दुष्काळ सरून दुसरं वर्ष लागलं होतं आणि मी गाडीवर कंडक्टर म्हणून नवाच लागलो होतो. नव्या माणसाच्या वाट्याला धुळीचा रस्ता येतो, तसा मला सेनगाववरून साखऱ्याला जाणारा मुक्कामी फेरा आला. संध्याकाळी साखऱ्याला पोचायचं, गाडीतच पथारी टाकायची आणि उजाडलं की हिंगोलीला परतायचं. गाडी जिथं उभी राहायची तिथून दहा पावलांवर सोजरमायचं घर. एकटीच राहायची. पहिल्याच आठवड्यात तिनं मला आणि ड्रायव्हर कादरभाईला भाकरी-पिठलं आणून दिलं. आम्ही दोघं पुढं तिची कायमची गिऱ्हाइकं झालो. मोबदल्यात ती वालासाठी आमची पिशवीसुद्धा तपासायची. आमच्याकडे वाल कधीच नसायचा, तरी तपासायची.

वाल हे काही मोठं पीक नव्हे. कुणी वालाचं शेत करत नाही. कुडाला, कुंपणाला, न्हाणीच्या पाण्यावर एखादा वेल सोडून द्यायचा, हिवाळ्यात कोवळ्या शेंगांची भाजी खायची, वाळल्या की दाण्यांच्या घुगऱ्या करायच्या. पण म्हणूनच दर घरचा वाल निराळा. कुणाचा तांबडा, कुणाचा मातकट, कुणाचा करडा, कुणाचा करंगळीच्या नखाएवढा तर कुणाचा बकरीच्या लेंडीएवढा. शेजारी शेजारी घरं, एकाच विहिरीचं पाणी, तरी या कुंपणाचा दाणा त्या कुंपणाच्या दाण्याला ओळख देत नाही. बाकीच्यांना याचं काही वाटत नसे. सोजरमायचा जीव मात्र ह्या एकाच गोष्टीवर टांगलेला.

तिच्या कमरेच्या चंचीत सुपारी कमी आणि वाल जास्त. आणि एक भोकाचा पैसा. इंग्रजांच्या वेळचा, मधोमध भोक असलेला. कुणाच्या पिशवीत वाल सापडला की ती तो पैसा आडवा धरायची आणि त्यावर एक दाणा ठेवायची. दाणा भोकातून टपकन खाली पडला की म्हणायची, "गेला." बस, एवढंच. डॉक्टरनं नाडी सोडून सांगावं तसं. मग पिशवीचा मालक उगाच ओशाळायचा, "औंदा पानी कमी पडलं माय," असं काहीतरी पुटपुटायचा. त्यावर सोजरमायचं भाषण ठरलेलं.

"पान्याला काहून नाव ठेवतूस? पहिल्या बहराच्या शेंगा कोनी खाल्ल्या?"

"आमीच खाल्ल्या."

"आन् बियाला काय ठेवलं? शेवटी वेलावर वाळून गेल्या त्या? मंग? जो पोरगा शाळंत जात न्हाई, कामाला लागत न्हाई, त्याच्या हाती घर द्यायचं आन् मनायचं घर काहून बुडालं! बुडाजवळची, भरली शेंग बियाला राखायची. आधी बी, मंग भाजी."

'आधी बी, मंग भाजी' हे वाक्य मी त्या दोन हिवाळ्यांत इतक्या वेळा ऐकलं की एकदा सेनगावच्या थांब्यावर 'आधी उतरणारे, मग चढणारे' असं म्हणायच्या ऐवजी मीच 'आधी बी' म्हणून गेलो.

ती कधी बसत नसे. सीट रिकामी असली तरी दांडा धरून उभी. मी म्हणायचो, "माय, बस ना." तर म्हणायची, "बसलं की रुतलं." सेनगावच्या बाजारात गाडी वीस मिनिटं थांबली की ती सगळ्या टोपल्या फिरून यायची. गाडी सुटायच्या वेळी कादरभाई हॉर्न दाबून दाबून थकायचा, मी दारात उभा राहून हाका मारायचो, आणि बाई मिरच्यांच्या ढिगापलीकडे कुणाच्या तरी दाण्याला "गेला" म्हणत असायची. कादरभाई कपाळावर हात मारायचा. "ये बाई मेरी नोकरी खायेगी. भोक के पैसे में से मेरी नोकरी जायेगी एक दिन."

घराचा वाल पाहिला की घर कळतं, असा तिचा सिद्धांत होता. वालात भोकं दिसली तर घरात राख आणि लिंबाचा पाला वेळेवर घालणारं माणूस नाही. दाणे सुरकुतलेले तर घरात घाई आहे. चार रंगांचे मिसळलेले तर सासू-सुनेचं पटत नाही. एकदा तिच्या भावकीतल्या मुलीला स्थळ आलं. मंडळी पाहुणचाराला गेली, सोजरमायही गेली. मुलगा चांगला, शाळेत शिपाई. घर चांगलं. बोलणी ठरत आली आणि ही उठून सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेली, मडक्यात हात घातला आणि मूठ घेऊन बाहेर आली. "सगळं बराबर हाय," म्हणाली, "पर बियाचं मडकं उघडं हाय. पोरगी देऊ नका." हलकल्लोळ झाला. शेवटी मुलाच्या आईनं सगळ्यांसमोर मडक्याला फडकं बांधलं तेव्हा कुठं साखरपुडा झाला. ते जोडपं पुढं आमच्याच गाडीनं जायचं. बायको नवऱ्याला मडक्यावरून चिडवायची.

एकदा शेतकी खात्याचे एक तरुण साहेब गाडीत होते. त्यांच्याकडे वालाच्या सुधारित बियाण्याची छोटी पिशवी होती. सोजरमायनं ती त्यांच्या परवानगीशिवाय उघडली. साहेब सज्जन, काही बोलले नाहीत. तिनं एक दाणा पैशावर ठेवला. अडकला. दुसरा ठेवला, अडकला. तिसरा, चौथा, सगळे अडकले. तिचा चेहरा उजळेल असं मला वाटलं, पण ती काळजीत पडली. दाणे तळहातावर पसरून पुन्हा पुन्हा पाहू लागली.

"साहेब, हे सारे एकाच मापाचे कसे?"

"निवडून घेतलेत आजी. सगळे सारखे. हेच तर वैशिष्ट्य आहे."

"घरात चार लेकरं असली तर एक ठेंगणं निघतं, एक उंच निघतं. ह्यायच्यात एक बी ठेंगणं न्हाई? मंग ह्यायची माय कोन?"

साहेबांनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. सेनगाव येईपर्यंत करत होते. उतरताना त्यांनी पाच दाणे तिला दिले. तिनं ते पदराच्या टोकाला बांधले आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "घुगऱ्या चांगल्या झाल्या. पर त्यो न्हवं."

'त्यो न्हवं.' हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं. ती चांगला वाल शोधत नव्हती, एक ठराविक वाल शोधत होती.

मग मी चौकशी केली. गावातले म्हणाले, दुष्काळाच्या आधी सोजरमायच्या कुडावरचा वाल पंचक्रोशीत नावाजलेला होता. खारकेच्या रंगाचा, कडेला पांढरी शिवण, आणि पैशाच्या भोकात हमखास अडकणारा. मागेल त्याला ती ओंजळभर बी द्यायची. दुष्काळात तो गेला. ज्यांना दिला होता त्यांचाही गेला. कुणी खाल्ला, कुणाचा वेल पाण्यावाचून जळाला, कुणी जगवला पण बी राखायचं भान कुणाला होतं! मी तिला एकदा विचारलं, "माय, तुझा स्वतःचा वाल कसा गेला?" ती तेव्हा खिडकीशी उभी होती. "पुढचा थांबा कोनता?" म्हणाली आणि साखऱ्याच्या अलीकडेच दोन मैलांवर उतरून चालत गेली. मला काही कळलं नाही. त्या दिवशी भाकरीही आली नाही.

तिची ही धावपळ हळूहळू साऱ्या रस्त्याची धावपळ झाली. लोक तिच्यासाठी फडक्यात वाल बांधून आणू लागले. कुणी कळमनुरीच्या पाहुण्यांचा आणला, कुणी सासुरवाडीचा. एका मास्तरांनी तर कागदाच्या पुड्यांवर गावांची नावं घालून आणली. ती प्रत्येक पुडी उघडायची, दाणा ठेवायची, तो पडायचा. दाखवणाऱ्याचा चेहरा पडायचा. तिचा पडत नसे. ती लगेच पुढच्याकडे वळायची, जणू थांबली तर मधल्या वेळात कुठंतरी तो दाणा कुणी तरी खाऊन टाकेल. मलाही तिची लागण झाली. कुंपण दिसलं की मी खिडकीतून मान बाहेर काढू लागलो. घरी बायकोनं वालाची उसळ केली तर मी आधी एक दाणा चिमटीत धरून पाहिला. ती म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे ना?"

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी माझी आणि कादरभाईची ड्यूटी काही दिवस वाशिमच्या गाडीवर लागली. वाटेत कनेरगाव नाक्याला चहाला थांबायचो. तिथल्या एका ढाब्याच्या मागं हलीमाबी म्हणून ढाबेवाल्याची बायको होती. एका दुपारी तिनं बाजेवर वाल वाळत घातलेला मी पाहिला. खारकेचा रंग. कडेला पांढरी शिवण. मी चहा तसाच टाकून धावलो. दाणा लहान होता, हे मला तेव्हाच दिसलं. पण रंग तोच. मी साखऱ्याच्या गाडीवरच्या सोबत्याकडे निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सोजरमाय हिंगोलीच्या स्टँडवर माझ्या आधी हजर.

नाक्याला गाडी थांबायच्या आत ती उतरली. हलीमाबी भांडी घासत होती. सोजरमायनं राम राम नाही, सलाम नाही, सरळ बाजेवर वाकून मूठ भरली.

"हे बी कुठून आनलं बाई?"

"सेनगाव के बाजार से लायी थी. दुष्काळ के पहले."

"कोनी दिलं?"

"याद नै. एक बुढ्ढी थी. पैसे नै लिये उसने."

"मी तवा म्हातारी कुठं व्हते!" सोजरमाय फणकारली. मग तिनं चंचीतून पैसा काढला. तिनं एक दाणा ठेवला.

तो पडला.

दुसरा ठेवला. तोही पडला, बाजेच्या सुतळीतून खाली धुळीत गेला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. 'गेला' कधी म्हणते याची वाट पाहत होतो. तिनं पैसा चंचीत टाकला, चंचीची दोरी ओढली आणि मोठ्यानं म्हणाली,

"अडकला. त्योच हाय. माजाच हाय."

कादरभाईनं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. हलीमाबीनंही ते पाहिलं होतं. तिनं हात पुसले, बाजेवरचे दाणे दोन्ही हातांनी गोळा केले आणि सोजरमायच्या पदरात घातले. "ले जाव ना. तुमाराच है तो."

वाशिमहून परतताना गाडी रिकामी होती. सोजरमाय कधी नव्हे ती मागच्या बाकावर बसली होती, मीही तिकिटांची पेटी घेऊन तिथंच जाऊन बसलो. तिनं मी न विचारताच सुरुवात केली. खिडकीबाहेर पाहत, घाईघाईनं, मधेच थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही अशी.

"मला एक लेक हाय, भाऊ. वच्छला. तिला दिलं सिद्धेश्वराकडं, धरनापाशी. जावई मासे धरतो. दुष्काळाच्या साली बाळंतपनाला माह्याकडं आली व्हती. सातवा सरून राहिला व्हता. मी खडी फोडायला जायची सेनगावच्या रस्त्यावर. घरात काय न्हवतं. बियाचं मडकं तेवढं व्हतं, वर टांगलेलं. मी तिला सांगून ठेवलं व्हतं, त्याला हात लावू नको. एक दिवस कामावरून आले तर घराला वास. घुगऱ्यायचा. पोटुशी बाई, दोन दिस निसत्या पान्यावर. तिनं मडकं उतरवलं, शिजवलं आन् खाल्लं."

कादरभाईनं गाडी कुठल्याशा खड्ड्यातून काढली.

"सारं खाल्लं न्हवतं. माजा वाटा झाकून ठेवला व्हता. भगुल्यावर ताटली. मी ते भगुलं लाथाडलं, भाऊ. आन् बोलले. पोटुश्या लेकीला बोलले. बी खानाऱ्याचा वंश बुडतो म्हनले."

"मग?"

"मंग काय! उजाडायच्या आत चालत गेली. कोनी तरी सांगितलं, पोरगी झाली. दोघी जित्या हायेत. अडीच वर्सं झाली. मी न्हाई गेले."

"अगं पण का नाही गेलीस? दोन गाड्या बदलल्या की सिद्धेश्वर."

"काय तोंड घेऊन जाऊ?" ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "बी सापडलं तर म्हनता येईन ना, बाई, ते काय बुडालं न्हवतं. तू खाल्लंस, तुजं पोट भरलं, आन् बी बी राहिलं. मी उगंच बोलले. हे म्हनायला हाती बी नको?"

दोन हिवाळे मी ह्या बाईला हसलो होतो.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. तिनंच सांगितलं होतं, "तू चल. एकटी गेले तर दारातून वापस येईन." औंढ्यापर्यंत ती उभी. औंढ्याहून पुढच्या गाडीत उभी. कुणाच्याही पिशवीत तिनं हात घातला नाही. एका बाईच्या मांडीवर वालाच्या शेंगांची टोपली होती, तिच्याकडेही पाहिलं नाही. पदराची गाठ मात्र मुठीत घट्ट.

धरणाच्या भिंतीखाली पंधरा-वीस घरं. जाळी वाळत घातलेली, माशांचा वास, लांबवर चकाकणारं पाणी. वच्छलाचं घर शेवटचं. ती अंगणात बसून फाटलं जाळं शिवत होती, आणि झिपऱ्या केसांची एक पोरगी जाळ्याच्या दुसऱ्या टोकाशी खेळत होती. सोजरमाय कुंपणाशी थबकली. वच्छलानं वर पाहिलं. हातातली सुई तशीच राहिली. मला वाटलं, आता माय खरंच मागं फिरते.

मी खाकरलो. "साखऱ्याहून आलोय," म्हणालो. काहीतरी म्हणायचं म्हणून. ते काय तिला ठाऊक नव्हतं!

सोजरमाय तरातरा पुढं गेली, गाठ सोडली आणि वच्छलाच्या पुढ्यात जाळ्यावरच दाणे ओतले. "घे. सापडला. कनेरगावला सापडला. तुज्या खान्यानं काय बुडालं न्हवतं, वच्छे. निसतं माजं तोंड वाईट."

वच्छलानं एक दाणा उचलला. तळहातावर घेतला, अंगठ्यानं उलटा केला, सुलटा केला. त्या आईच्या हाताखाली वाढलेली पोरगी ती. तिला पैसा लागत नव्हता. एका क्षणात तिला कळलं, हे मी पाहिलं. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी धरणाच्या पाण्याकडे पाहू लागलो.

"व्हय माय," ती म्हणाली. "त्योच हाय."

"हाय ना?"

"मंग! मला काय वळखू येत न्हाई का?" आणि तिनं तोंडाला पदर लावला. झिपरी पोरगी आईकडे आणि ह्या अनोळखी म्हातारीकडे आळीपाळीनं पाहत होती. तिनं जाळ्यातला एक दाणा उचलून तोंडात घातला. सोजरमायचा हात पुढं गेला, मला वाटलं काढून घेणार. पण तिनं पोरीच्या गालावरून हात फिरवला नुसता. "हळू चाव," म्हणाली. "वाळला हाय, दात दुखतील. आजी उकडून देईन. नाव काय गं हिचं?"

"रमा."

वच्छलानं चूल पेटवली. मला चहा झाला, जावई जाळं घेऊन पाण्यावर गेला होता तो आला, त्यानं सासूला वाकून नमस्कार केला आणि काही न विचारता कोपऱ्यातली जागा झाडून तिच्यासाठी चटई टाकली. परतीची गाडी दुपारी तीनला होती. मी म्हटलं, "माय, निघायचं?" तिला ते ऐकूच गेलं नाही. त्या दोघी कुडाशी उभ्या होत्या. मी जावयाला हात करून एकटाच वाटेला लागलो.

वळणापर्यंत त्यांचा आवाज येत होता.

"इथं लाव. न्हाणीचं पानी मिळतं."

"इथं दुपारचं ऊन येतं माय. तिकडं लावते."

"तिकडं बकऱ्या खातील. वीस वर्सं वाल लावला मी!"

"हे घर माजं हाय. मी लावीन तिथंच उगवंन."

"न्हाई उगवनार."

"उगवंन."

पुढची वीस मिनिटं तरी त्यांचं काही ठरणार नव्हतं. मी चालायचा वेग कमी केला, आणि माझी गाडी चुकली.